आमच्याकडं एकच लाट येते

हे लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. एक तर प्रेमाचं मला काय कळतं... मी जळालेल्या मोटरी बांधतो. दुसरं म्हणजे गोष्ट माझी न्हाईच. माझा दोस्त रुद्रेश, त्याची हाय. तो कुणाला सांगणार न्हाई. पण तिच्याबद्दल आपल्याकडच्या कुणीतरी लिहायला पाहिजे असं लई दिवस वाटून राहिलं होतं. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभी राहणारी पोरगी, आणि गाव कोणतं, तर शिरूर अनंतपाळ. कोकणातली लेकरं तिला ओळखतात. आपल्यालाच माहीत न्हाई.

तर...

मार्च महिना. लातूरला ऊन असं तापलं होतं की डांबर चपलेला धरून ठेवायचं. रुद्रेशचं कूलरचं दुकान माझ्या गाळ्याला लागून. पुढं फायबरच्या कूलरांची रांग, मागं दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची आई नीलाबाई. वडील लहानपणीच गेले. पोरगा तसा हसरा, पण त्या वर्षी त्याचं हसणं आटलं होतं. नीलाबाईच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, पाणी बी मोजून प्यायचं. मशीनवरून आली की ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि रुद्रेश बाहेर कूलर घासत बसायचा. चकचकीत असलेलेच परत घासायचा.

अशा एका दुपारी शिरूरकडची जीप येऊन थांबली. टपावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, दोरीनं आवळलेलं लांबलचक काहीतरी. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. रुद्रेशनं बी हात जोडले.

पुढच्या सीटवरून एक पोरगी उतरली. उन्हानं रापलेली, आखूड केस, केसांची टोकं तांबूस... जशी खारट पाण्यात लई दिवस भिजवून काढलेली.

"हात कामून जोडून राहिलात सगळे?" तिनं विचारलं. मग टपाकडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. "अवो, मेलेलं न्हाई कुणी. फळी हाय ती."

'मेलेलं' म्हणताना तिचा आवाज जरासा अडकला. तेवढं रुद्रेशनं ऐकलं.

"भैय्या, फायबरचं हाय. हे जोडून मिळंल का?"

चादर सोडली. आत पुरुषभर उंचीची, टोकाला निमुळती, गुळगुळीत वस्तू. मधोमध तडा.

"हे काय हाय? इस्त्रीचं टेबल?"

"एवढी इस्त्री कोण फिरवतं तुमच्याकडं?"

"मग... दरवाजा?"

"सर्फिंगची फळी. समुद्रात लाट येते ना, तिच्यावर ही टाकायची आणि वर उभं राहायचं."

"आणि पडलं तर?"

"पडायचंच असतं. पडल्याबिगर कुणी शिकत न्हाई."

रुद्रेशनं फळीवर हात फिरवला. "आमच्याकडं एकच लाट येते, मॅडम. उष्णतेची. तिच्यावरच आमचं घर चालतं."

ती हसली. खळखळून न्हाई... जसं लई दिवस बंद असलेलं दार थोडंसं उघडावं तसं. "मग तू बी सर्फरच की," म्हणली. आणि वर जोडलं, "भैय्या."

त्या 'भैय्या'नं त्याचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालं. मी शेजारून बघत होतो.

"समुद्रावर कधी न्यायची परत?"

"न्यायची न्हाई. भिंतीला लावायची. शोभेला."

तिचं नाव अंबिका. महादेवप्पाची एकुलती एक पोरगी. शिरूरला त्यांचं कपड्याचं दुकान.

आता रुद्रेशनं काय केलं ते सांगतो. असली चूक फक्त कूलरवालाच करू शकतो. कूलर आतून पोकळ असतो, म्हणून त्याला वाटलं फळी बी पोकळच असंल. कूलरच्या टाकीला तडा गेला की आपण जे रेझीन भरतो तेच त्यानं मापात कालवलं, तड्यात ओतलं आणि दाबून धरलं. आतून आवाज आला... फुस्स. मग फळीचं पोट खाली बसायला लागलं. आत थर्माकोल होता, आणि कूलरचं रेझीन थर्माकोल खातं.

तो माझ्याकडं पळत आला. "बाल्या, मी तिची फळी मारली रे!"

दुसऱ्या दिवशी अंबिका आली. रुद्रेश दारात शाळेतल्या पोरावानी उभा. तिनं फळी बघितली. खड्ड्यात बोट घातलं. आपल्याला वाटलं आता शिव्या देईल.

"बरं झालं," ती म्हणली.

"बरं झालं?"

"हाव. बरंच झालं." आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच पुसत राहिली. रुद्रेशनं काय करावं? कूलरचा पंप लावला आणि तोंड तिच्याकडं फिरवला. गार वारं आलं. गवताचा ओला वास आला. ती डोळे मिटून बसून राहिली.

"तू सगळ्यांना असंच गार करतोस का?"

"नवीन गिऱ्हाइकाला फुकट हाय."

तिथून ती येत राहिली. कधी लातूरला दुकानाचा माल न्यायला, कधी काहीच निमित्त नसायचं. थोडं थोडं सांगायची. मंगळूरला नर्सिंग शिकायला गेली होती. तिथं पहिल्यांदा समुद्र बघितला, पहिल्यांदा कुणाला तरी लाटेवर उभं बघितलं आणि येडी झाली. मेसचे पैसे वाचवून जुनी फळी घेतली — हीच. नंतर कोकणात, मालवणच्या बाजूला एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथं मासेमारांची वस्ती. तिच्या आधी त्या किनाऱ्यावर पोरी समुद्राकडं पाठ करून मासळी निवडायच्या. पाण्यात जायचं ते बापांनी आणि भावांनी. अंबिका ड्यूटी संपली की फळी घेऊन आत जायची. आधी लोक हसले. मग एक पोरगी येऊन उभी राहिली, मग तिची मैत्रीण... मग शेजारच्या गावातल्या बी. पुढं पुढं तर त्या पोरींच्या शर्यती भरायला लागल्या. हिचा फोटो पेपरात आला. त्या दिवशी महादेवप्पानं दुकानात पेपर ठेवलाच न्हाई, कारण फोटोत पोरीचे कपडे ओले होते.

"आणि सोडून कामून आलीस?" रुद्रेशनं एकदा विचारलं.

"अव्वा झोपल्यात का बघते," म्हणून ती उठून आत गेली. नीलाबाईला ती अव्वा म्हणायची.

नीलाबाईच्या डाव्या हातात डॉक्टरनं डायलिसिससाठी नस जोडून ठेवली होती. तिथं बोट ठेवलं की आत घरघर लागायची, आणि कान लावला की आवाज यायचा. नर्स असल्यामुळं अंबिकाला ते माहीत. तिनं नीलाबाईचा हात मांडीवर घेतला, वाकून कान लावला. आणि उठलीच न्हाई.

"काय ऐकून राहिलीस गं?" नीलाबाईनं विचारलं.

"समुद्र," ती म्हणली. "अगदी तसाच आवाज येतोय, अव्वा. लाट येते... जाते..."

"अगोबाई. मग मी कामून तहानेनं मरून राहिले?"

दोघी हसल्या. रुद्रेश दारात होता. त्याच दिवशी त्याचा पुरता निकाल लागला, असं तो म्हणतो. आईला त्या खोलीत हसताना त्यानं लई दिवसांनी ऐकलं होतं.

मग एका दुपारी तिनं खडूनं दुकानाच्या फरशीवर फळी काढली. "झोप पालथा."

"इथं? बाजारात?"

"समुद्र परवडत न्हाई तुला. झोप."

तो झोपला. चहाच्या गाड्यावरचे सगळे खुर्च्या फिरवून बसले. "आता हातानं पाणी मागं ओढ. ओढ... लाट आली! उठ!" तो धडपडून उठला आणि पंपाच्या पेटीवर आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबिका खाली बसली, त्याचं पाऊल धरून खडूच्या रेघेवर आडवं ठेवलं. तिची बोटं गार होती. तिनं जरा उशिराच सोडलं...

"खाली बघायचं न्हाई," ती म्हणली. "खाली बघितलं की पडतो. जिथं जायचंय तिकडं बघायचं."

"तिकडंच बघून राहिलोय, मॅडम."

ती त्याच्यासमोर होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम म्हणू नको."

"मग तू भैय्या म्हणू नको."

"बरं," ती म्हणली. "रुद्रेश."

एप्रिलमध्ये कंधारच्या एका दुकानदाराला कूलर पोचवायचे होते. रुद्रेश म्हणला, "चल, समुद्र दाखवतो."

"येडी समजून राहिलास का?"

"आईशप्पथ. नावच समुद्र हाय त्याचं. जगत्तुंग समुद्र."

कूलर उतरवून त्यानं टेंपो तळ्याकडं घेतला. जुन्या राजाच्या काळातलं तळं. उन्हाळ्यानं पाणी मागं सरलेलं, काठाला चिखल भेगाळलेला, वारं न्हाई. एक म्हैस तेवढी पाण्यात. अंबिका बराच वेळ बघत राहिली.

"एक बी लाट न्हाई," ती म्हणली.

"राजानं खरा समुद्र बघितला नसंल कधी."

"बघितला असंल. म्हणून तर इथं येऊन नाव ठेवलं. आठवण येत असंल त्याला."

आणि मग तिथं काठाला बसून तिनं सांगितलं. जयू नावाची पोरगी. मासेमाराची. सगळ्यात आधी तिच्याकडं आलेली, सगळ्यात आधी उभी राहिलेली. एका दिवशी समुद्र चांगला नव्हता. अंबिकानं लाल झेंडा लावला, पोरींना बजावलं आणि दवाखान्यात ड्यूटीला गेली. जयूनं अंगणातली हिची फळी उचलली आणि एकटीच आत गेली.

"फळी त्याच संध्याकाळी काठाला आली. तडा गेलेली," अंबिका म्हणली. "जयू दुसऱ्या दिवशी आली."

म्हैस पाण्यातून बाहेर निघाली.

"तिची आई मला एक शब्द बोलली न्हाई. शिवी दिली असती तर मी थांबले असते. तू फळी वितळवलीस ना, तव्हा वाटलं... कुणीतरी निकाल लावला. आता जायचा सवालच न्हाई."

त्यानं खिशातला रुमाल दिला. रुमालाला रेझीनचा वास होता. तिनं तोच तोंडावर धरला.

मे महिन्यात महादेवप्पा स्वतः आले. धोतर, कपाळाला विभूती. "शरणार्थ, नीलाबाई," म्हणून बसले. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं. मग म्हणाले, "पोरगी परत आल्यापासून जेवत नव्हती. तुमच्या दुकानात यायला लागली आणि जेवायला लागली. आपलं जातीगोतीचं बी जमतंय. तुमचा विचार सांगा."

रुद्रेश आतल्या खोलीत होता. मला हाक मारली, माझा हात धरला.

संध्याकाळी अंबिका आली. "मी अप्पाला हाव म्हणले," ती म्हणली आणि एका कूलरचं बटन उगीचच चालू-बंद करत राहिली.

"विचार करून?"

"तुला न्हाई म्हणायचंय का?"

"मी कधी न्हाई म्हणलंय तुला? मी तर झोपलो बी, बाजारात."

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. मी तर बँडवाला बी विचारून ठेवला होता. पण त्याच वेळी तिचा फोन वाजला. कोकणातल्या पोरींचा व्हिडिओ कॉल. ती नेहमी कापायची, आज बोट चुकलं. स्क्रीनवर चार-पाच डोकी, मागं वारं.

"ताये! खंय गेलंस तू? बाबांनी फळ्यो माळ्यार टाकल्यानी. म्हणतत, अंबिकाताय इली तरच पाण्यात सोडतलंव!"

दुसरी पुढं घुसली. "जयूची आवस पण इचारता तुका. रोज इचारता."

रुद्रेशला भाषा अर्धीच कळली... फळ्या माळ्यावर पडल्यात, जयूची आई रोज विचारते. पण अंबिकाचा चेहरा पूर्ण कळला. तिनं फोन बंद केला, आत गेली आणि नीलाबाईच्या हाताला कान लावून बसली.

ती गेल्यावर नीलाबाई थट्टेनं म्हणली, "रुद्रू, ही पोरगी तुला बघायला येती का माझा हात ऐकायला?"

नीलाबाई हसली. रुद्रेश हसला न्हाई. जेवला बी न्हाई.

सकाळी त्यानं हैदराबादला फोन लावला. थर्माकोल न खाणारं इपॉक्सी रेझीन मागवलं. फळीचं वितळलेलं पोट कापून काढलं, नवीन थर्माकोल कापून बसवला, घासला, परत घासला. ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक परत जात होतं आणि हा फायबरची जाळी अंथरत बसलेला. रंग दुसरा नव्हता, म्हणून कूलरचाच निळा मारला.

मी म्हणलं, "येड्या, लग्न ठरलंय तुझं. तिला पळून जायची गाडी तूच बांधून राहिलास."

"हाव," म्हणला. मान वर केली न्हाई.

फळी वाळली. त्यानं ती दुकानात उभी करून ठेवली. अंबिका आली, दारातच थांबली.

"हे काय हाय?"

"इस्त्रीचं टेबल."

ती हसली न्हाई. "मला हाकलून राहिलास तू?"

"तिथं तुझी वाट बघून राहिलेत. आईच्या हाताला किती दिवस कान लावशील?"

"मला आवडतोस तू," ती रागानंच म्हणली. असं रागानं कुणी प्रेम कबूल केलेलं मी तरी ऐकलं न्हाई. "खुळ्या, कूलरवाल्या... तुला कळतंय का? तू आवडतोस मला!"

"मला तर तू जीपमधून उतरलीस तव्हाच..." तो थांबला. "पण तू इथं राहिलीस तर त्या तळ्यावानी होशील. नाव समुद्र, आणि..."

त्यानं फळी तिच्याकडं सरकवली.

"मग तू चल," ती म्हणली. "चल ना माझ्यासंगं."

दोघांनी बी आतल्या खोलीकडं बघितलं. आत नीलाबाई झोपली होती. आज शुक्रवार होता, ती आताच मशीनवरून आली होती. तिच्या त्या कोकणातल्या गावापासून डायलिसिसचा दवाखाना लई लांब, वाट घाटाची... अंबिका नर्स होती, तिला सांगायची गरज नव्हती.

"माझ्यासाठी थांब म्हणू का तुला?" रुद्रेशनं विचारलं.

"नको म्हणू." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी थांबले तर कशाची वाट बघत थांबले असं होईल, सांग ना? अव्वाच्या..."

तिनं तोंडावर हात ठेवला. त्यानं तो हात धरला. कूलरचं पाणी टपटपत होतं.

"अप्पाला काय सांगू?"

"सांग, पोरगं कूलरवालं हाय. समुद्रकाठी कूलर कोण घेतं."

लग्नाची बोलणी तिथंच थांबली. पाऊस सरायच्या आधी तिथली तयारी करायची म्हणून ती जुलैमध्ये गेली. संध्याकाळची कोल्हापूरची ट्रॅव्हल्स. फळी टपावर बांधायला क्लीनर तयार होईना, तर रुद्रेशनं स्वतः वर चढून बांधली. गाठी मारल्या, तपासल्या, परत मारल्या. खाली उतरला तर ती त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला निळा रंग नखानं खरवडत होती.

"निघत न्हाई तो," तो म्हणला.

"माहीत हाय."

गाडी गेली. मी म्हणलं चहा पिऊ, तर म्हणला, "आईला भूक लागली असंल."

ऑक्टोबरमध्ये मी माझ्या फोनवर त्या पोरींचा व्हिडिओ बघितला. निळी फळी लांबूनच ओळखू येत होती. पाण्यात पहिल्या पोरीची फळी ढकलायला एक बाई गुडघाभर पाण्यात उतरली होती, लुगडं खोचून. ती जयूची आई होती, असं अंबिकानं खाली लिहिलं होतं. शेजारच्या दोन गावांतून बी पोरी परत यायला लागल्यात म्हणे. मी रुद्रेशला दाखवायला गेलो. त्यानं आधीच बघितला होता. लई वेळा बघितला असंल, कारण पुढं काय येतं ते तो स्क्रीनकडं न बघता सांगत होता.

दोघं एकमेकांना फोन करत नव्हते. काय बोलणार?

दिवाळी झाली. कूलरांवर ताडपत्री पडली. परवा रुद्रेश माझ्या गाळ्यात येऊन बसला. मी मोटर उघडली होती, तो तांब्याची तार बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"आई बोलली काल," तो म्हणला.

"काय?"

"म्हणली, मला सगळं कळतंय. म्हणली, तुम्ही दोघं असं गप बसलात तर मला जगायची बी लाज वाटायली. चार दिवस जाऊन ये म्हणली. पोरीला डोळ्यानं बघून ये. पुढचं पुढं."

"मग?"

"शनिवारी निघालो तर बुधवारी येतो. पण मधी मंगळवार हाय, बाल्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. या पोरानं आजवर माझ्याकडं साधा पाना बी मागितला न्हाई.

"सांग," मी म्हणलं. "काय काय करायचं असतं?"

तो सांगत गेला. सकाळी लवकर न्यायचं. डाव्या हातावर बीपी मोजू द्यायचं न्हाई. त्या हाताला धरून उठवायचं न्हाई. येताना चक्कर येते, रिक्षा हळू घ्यायची. आणि पाणी मोजून द्यायचं. ती मागते, लेकरावानी मागते, तरी द्यायचं न्हाई. एवढं सांगून त्यानं बोटावरची तार सोडली.

मी पाना खाली ठेवला.

"जा तू," मी म्हणलं. "मंगळवारी माझा गाळा बंद. मावशीला मी नेतो, मी आणतो. आणि मावशीनं पाणी मागितलं ना, तर त्या दिवशी मी बी तिच्यासमोर बिगर पाण्याचा बसतो. शब्द हाय माझा."